आजोबांची घडी: दुरुस्त करायची की तशीच ठेवायची?

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक आहे, सुरू करू.

आजचा विषय आकारानं लहान आहे, मनगटावर मावेल एवढा. नवेगाव बांधला येऊन इतिहासावर बोलायचं म्हणजे तलावावर बोलायचं, कोलू पाटलांवर बोलायचं, जंगलावर बोलायचं. पण त्या विषयांवर माझ्यापेक्षा जास्त जाणणारे लोक याच सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेले दिसतात. त्यांच्यासमोर तलाव सांगणं म्हणजे मासोळीला पोहणं शिकवणं. तेव्हा मी घड्याळावर बोलतो.

मला कुठंही गेलं की हा प्रश्न हमखास विचारला जातो. घरात एक जुनं मनगटी घड्याळ आहे. वडिलांचं, आजोबांचं. काचेवर ओरखडे, तबकडी पिवळी पडलेली, केसचा मुलामा उडून खालचं पितळ दिसतंय, चावी दिली तर तासभर चालतं आणि थांबतं. हे दुरुस्त करण्यालायक आहे का? दुकानात विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, ‘याच्यात काही राहिलं नाही, नवीन घ्या.’ दुसरं, ‘द्या इकडं, एकदम नवीन करून देतो.’ माझं म्हणणं असं की पहिल्या उत्तरापेक्षा दुसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे. का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

तुम्ही लोक घड्याळाला ‘घडी’ म्हणता. पुण्या-मुंबईकडचे लोक याला हिंदीचा प्रभाव म्हणतात आणि मोकळे होतात. पण शब्द जुना आहे. संस्कृत घटी, घटिका, त्यावरून घडी. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, आणि दिवसरात्र मिळून साठ घटिका. लग्नाचा मुहूर्त या वाटीवर मोजला जायचा. म्हणजे ‘घडी’ म्हणताना आपण नकळत त्या बुडत्या वाटीचं नाव घेत असतो. तलावांच्या मुलखात हा शब्द टिकला, याचं मला फार बरं वाटतं.

मग रेल्वे आली. आणि रेल्वेबरोबर एक परकी वेळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. मुंबई, कलकत्ता आपापली वेळ पाळत असत, पण गाडीचं वेळापत्रक मद्रासचं. आता गंमत बघा. मद्रास आणि नवेगाव बांध जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ऐंशी अंशांच्या जरासं पुढं. म्हणजे गोंदियाच्या फलाटावरचं घड्याळ मद्रासची वेळ दाखवत असेल, तर ती इथल्या सूर्याचीच वेळ होती, अर्ध्या-एक मिनिटाच्या फरकानं. मुंबईकराला रेल्वेची वेळ सतत खटकायची, कारण त्याचा सूर्य अर्धा तास मागं. इथल्या माणसाला ती खटकायचं कारणच नव्हतं. पुढं १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि इथलं घड्याळ सूर्यापेक्षा साधारण साडेनऊ मिनिटं पुढं गेलं. ते अजूनही पुढंच आहे. मुंबईनं मात्र हट्ट धरला. आपली एकोणचाळीस मिनिटं मागं असलेली स्थानिक वेळ तिथं १९५५ पर्यंत कुठं ना कुठं पाळली जात होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गोंदियाहून चांद्याकडे जाणारी नॅरोगेज आपल्या जवळून गेली. धान, तेंदूपत्ता, लाकूड, माणसं. स्टेशन मास्तर, जंगल खात्याचा साहेब, मालगुजार, शाळेचा गुरुजी, एवढ्यांकडे घड्याळ. तेही बहुतेक खिशातलं, साखळीचं. मनगटी घड्याळ हा तेव्हा बायकांचा दागिना समजला जायचा. पहिल्या महायुद्धानं ते बदललं. खंदकात खिशात हात घालून वेळ बघता येईना, म्हणून सैनिकांनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि परत येताना ती सवय घेऊन आले. आपल्याकडे त्या काळातलं मोठं नाव म्हणजे वेस्ट एंड वॉच कंपनी. माल स्विस, पण कंपनीचा जन्म १८८६ मध्ये मुंबईतला. त्यांचं ‘सोवार’ हे घड्याळ, म्हणजे आपला ‘स्वार’, हिंदी सैनिकांत फार चाललं. दुसरं नाव फेव्हर ल्युबा. तेही स्विस, आणि मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून मुक्काम ठोकून. आजही विदर्भातल्या जुन्या वाड्यांत, कपाटातल्या डब्यांत ही दोन नावं सापडतात.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर बंधनं आली. आणि घड्याळ ही चोरटी आयात करायला फार सोयीची वस्तू. लहान, हलकी, महाग. १९६२ चा सीमाशुल्क कायदा उघडून बघा. त्यात १२३ वं कलम आहे. तस्करीचा माल समजून जप्त केलेली वस्तू तस्करीची नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडं सापडली त्याच्यावर टाकणारं. साधारणपणे कायद्यात उलटं असतं, आरोप करणाऱ्यानं सिद्ध करायचं. हा अपवाद मोजक्या वस्तूंसाठी केला, आणि त्या यादीत सोन्याच्या रांगेत कोण बसलंय? घड्याळ. सरकारनंच घड्याळाला सोन्याच्या शेजारी बसवलं. मग सासऱ्यानं जावयाला घड्याळ दिलं तर त्याचं काय चुकलं?

त्याच सुमारास देशी घड्याळ आलं. एचएमटी, म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, बंगळुरूची सरकारी कंपनी, १९५३ ची. मुख्य काम यंत्रं बनवायची यंत्रं तयार करणं. १९६१ मध्ये त्यांनी जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळांचा कारखाना काढला. योगायोग बघा, हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. एकाच वर्षी सरकारनं हुंड्यावर बंदी आणली आणि हुंड्यात मागायची सगळ्यात लोकप्रिय वस्तू बनवायचा कारखानाही काढला. (हशा) सायकल, रेडिओ आणि घड्याळ, ही तेव्हाची आंदणाची ठरलेली यादी. इथल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना मी नवीन काही सांगत नाही. घड्याळ नाही म्हणून रुसून बसलेले नवरदेव तुम्ही पाहिलेले आहेत. काहीजण स्वतः रुसलेले असतील.

एचएमटीची नावंसुद्धा त्या काळाची आहेत. जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन. यातलं ‘जनता’ सगळ्यात साधं. हातानं चावी द्यायचं, सतरा ज्युएलचं, पांढऱ्या तबकडीचं. आणि माझ्या मते हे मशीन दुरुस्तीच्या दृष्टीनं आपल्याला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कारण जनता, पायलट, जवान या घड्याळांच्या पोटात साधारण एकच मशीन. याचा भाग त्याला लागतो. कारखाना कधीच थांबलाय. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कंपनी बंद करायला मंजुरी दिली. पण एचएमटीनं आपल्या आयुष्यात दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली, त्यामुळं सुटे भाग अजून कुणाच्या ना कुणाच्या टेबलाच्या खणात पडलेले असतात.

आता ते दुसरं उत्तर. ‘एकदम नवीन करून देतो.’

जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत एक शब्द प्रचलित आहे. ‘मुंबई स्पेशल’, किंवा ‘बॉम्बे स्पेशल’. आपल्या राजधानीच्या नावानं जगात मिरवणारा हा शब्द शिवी आहे. याचा अर्थ असा की जुनं मशीन घ्यायचं, त्याचा मूळ तबकडीवरचा रंग काढून टाकायचा, भडक निळा, लाल, हिरवा रंग द्यायचा, त्यावर कंपनीचं नाव छापायचं, तिसऱ्याच घड्याळाचे काटे लावायचे, चौथ्याची केस घासून चकचकीत करायची आणि ‘जुनं, उत्तम स्थितीतलं’ म्हणून विकायचं. वेस्ट एंड, फेव्हर ल्युबा, एचएमटी, सगळ्यांची अशी सोंगं निघतात. एचएमटीच्या ‘जवान’ची तर इतकी, की समोर आलेल्या प्रत्येक जवानाकडं आधी संशयानं बघावं लागतं.

परदेशी शौकीन याला सरळ फसवणूक म्हणतात. विकणारा खोटं बोलत असेल तर ती फसवणूकच आहे. पण इतिहास शिकणाऱ्यानं एक पायरी मागं जाऊन विचारावं, की ही कला आली कुठून? माझी समजूत अशी आहे. नवीन घड्याळ मिळणं अवघड, परदेशी सुटे भाग येत नाहीत, आणि जावयाला द्यायचं घड्याळ तर नवीन दिसलं पाहिजे. अशा वेळी तबकडी पुन्हा रंगवणारा कारागीर हा ठग नव्हता, तो गरजेला धावणारा माणूस होता. पितळेच्या चकतीवर केसाएवढ्या रेषा ओढणं सोपं नाही. गिऱ्हाइकाला माहीत असायचं की तबकडी रंगवलेली आहे. लबाडी नंतर आली, जेव्हा तेच कसब वापरून झालेल्या कामाबद्दल तोंड मिटून माल विकायला सुरुवात झाली. पाप रंगात नाही, त्या गप्प राहण्यात आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता एक प्रत्यक्ष घड्याळ सांगतो. या भागातल्याच एका घरातलं आहे. नाव सांगत नाही. त्यांच्या परवानगीनं सांगतोय.

घरातल्या आजीचं लग्न १९७३ चं. तेव्हा हे सगळं भंडारा जिल्ह्यात. गोंदिया जिल्हा व्हायला अजून सव्वीस वर्षं होती. आजीच्या वडिलांनी लग्नात जावयाला एचएमटी जनता दिलं. आजोबांनी ते शेवटपर्यंत वापरलं. आजोबा गेल्यावर घड्याळ लुगड्याच्या घडीत. गेल्या वर्षी नातवाचं लग्न ठरलं. आजोबांचं घड्याळ लग्नात घालायचं असं त्याच्या मनात आलं. इच्छा चांगली, यात कुणी दोष काढू नये. त्यानं ते शहरातल्या एका दुकानात दिलं, आठवड्यानं परत मिळालं. निळीशार तबकडी, सोनेरी आकडे, केस आरशासारखी. नातू खूश. आजीच्या हातात दिलं. आजीनं डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं, आणि विचारलं, ‘हे घडी कोनाची होय?’

नातवानं सांगितलं, आजोबांची. आजी म्हणाली, ‘माह्या बापानं देल्ली ते कोठी आहे?’

झालं असं होतं की मूळ पांढऱ्या तबकडीवर चारच्या खुणेजवळ एक तांबूस डाग होता. एका वर्षी रोवणीच्या दिवसात आत पाणी शिरलं होतं, त्याचा. त्या डागावरून आजोबांची आणि त्यांची वर्षानुवर्षं थट्टा चालायची, म्हणजे आजी चिडवायच्या की बांधीतली माती माझ्या बापाच्या घडीत नेऊन भरली. घड्याळाची ओळख तो डाग होता. नातवानं दुकानात जाऊन जुनी तबकडी परत मागितली. पण जुनी तबकडी वेगळी नसतेच हो! त्याच चकतीवरचा रंग उतरवून नवा चढवतात. डाग गेला तो गेला.

नातू ते घड्याळ घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न वेगळाच होता. तो म्हणाला, ‘सर, आता याच्यात काही उरलंय का?’

मागचं झाकण उघडलं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे ठाऊक नाही, पण घड्याळजी लोकांची एक जुनी पद्धत आहे. सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण कोरायची. तारीख, क्रमांक, एखादं अक्षर. म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपण कधी काम केलं ते समजावं. या झाकणात अशा तीन खुणा होत्या. ७-७९, ४-८४, ११-९१. पहिल्या दोन एकाच हाताच्या, तिसरी वेगळ्या. रंगवणारा तिथपर्यंत पोचला नव्हता. बाहेरचं घासण्यात त्याला रस, आतल्या झाकणाकडं त्याचं लक्षच नाही.

तिन्ही तारखा आजींना सांगितल्या. ७-७९ ऐकल्यावर त्या लगेच म्हणाल्या, पाणी शिरलं ते वर्ष. जुलै महिना, रोवणी. बरोबर जुळतं. म्हणजे डाग गेला, पण डाग कधी पडला याची नोंद पितळावर शिल्लक राहिली. एखाद्या दप्तरात कागद सापडावा तसं हे आहे. असं एखादं झाकण मला दहा तबकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. घड्याळ विकत घेणारा बाजार याला एक रुपयाही देणार नाही, उलट काहीजण या खुणा ओरखडे म्हणून घासून टाकतात.

मग दुरुस्तीलायक आहे का? इथं जरा मशीनबद्दल बोलावं लागेल, कंटाळू नका.

चावीच्या घड्याळात एक चाक असतं, बॅलन्स. ते पुढं-मागं झुलतं. बहुतेक जुन्या मशीनमध्ये तासाला अठरा हजार ठोके. सेकंदाला पाच. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. एवढ्या ठोक्यांचं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट चुकत असेल तर तुम्ही त्याला नावं ठेवता. अहो, हजारात एखादाही ठोका चुकला नाही त्याचा! हे सगळं चालतं तेलाच्या इतक्या बारीक थेंबांवर की डोळ्याला दिसत नाहीत. काही वर्षांत ते तेल वाळतं, चिकट होतं. घड्याळ तरीही चालतं, आणि गडबड तिथंच होते. वाळल्या तेलात चालणारं घड्याळ स्वतःचे आस झिजवत असतं. म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं’ हे बरोबर नाही. आणि ‘बंद आहे म्हणजे मेलं’ हेही बरोबर नाही. बंद पडलेल्या पुष्कळ घड्याळांना फक्त स्वच्छता आणि तेल लागतं.

खरा शत्रू गंज. आपल्या भागात तर फारच. तलाव, बोड्या, चार महिने पाऊस, चिखलात हात. पाणी शिरतं ते बहुतेक चावीच्या बटणाच्या बाजूनं. म्हणून घड्याळजीला विचारायचा पहिला प्रश्न किंमत किती हा नसावा. विचारा, गंज कुठं आहे? चावीच्या दांड्याजवळ असेल तर तो भाग बदलता येतो. पण बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगवर गंज चढला असेल, तर ते घड्याळ नीट वेळ दाखवणार नाही. मग दुसऱ्या घड्याळातून अख्खं बॅलन्स आणावं लागतं. एचएमटीला ते मिळतं. एखाद्या आडनावाच्या स्विस घड्याळाला मिळेलच असं नाही, आणि तिथं खरंच थांबायची वेळ येऊ शकते.

काच हा प्रश्नच नाही. ती प्लॅस्टिकची असते, स्वस्त असते, बदला. मुलामा उडालेली केस तशीच राहू द्या, त्वचेला पितळ लागत असेल तर मागून पट्ट्याचं कातडं लावा. आणि चाळीस-पन्नासच्या दशकातलं घड्याळ असेल, अंधारात चमकणारे आकडे असलेलं, तर घरी उघडून खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. आता ते चमकत नाही म्हणजे संपलं असं नाही. चमकणारं द्रव्य थकतं, रेडियम थकत नाही; ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. मुलांच्या हातात ती भुकटी जाता कामा नये.

नातवाच्या घड्याळात गंज होता, पण चावीच्या बाजूला. स्प्रिंग स्वच्छ. १९७९ मध्ये ज्यानं कुणी ते उघडलं त्यानं काम नीट केलं होतं. मशीन दुरुस्तीलायक आहे, यात मला शंका नाही. खर्च किती? जनताचा बाजारभाव आणि सर्व्हिसिंगचा खर्च यांचा हिशेब मांडला तर तोटाच दिसतो. तो हिशेब करायचा असेल तर करू नका दुरुस्त. पण त्याच हिशेबानं आजोबांचा फोटोही फ्रेम करू नये, कारण फ्रेम फोटोपेक्षा महाग असते.

अडचण तबकडीची. तीन रस्ते होते. निळी ठेवायची. तिच्यावरच पुन्हा पांढरा रंग द्यायचा. किंवा दुसऱ्या एखाद्या जनताची मूळ पांढरी तबकडी आणून बसवायची. दुसरा रस्ता मी तिथल्या तिथं नको म्हटला. ते सोंगावर सोंग. तिसऱ्याबद्दल माझं स्वतःचं मत आधी विरोधाचं होतं. दुसऱ्याच्या घड्याळाचा चेहरा काढून याला लावायचा? मग ‘मुंबई स्पेशल’ वेगळं ते काय?

पण आजी म्हणाल्या, पांढरी असली तर बरं वाटेल. आणि हे वाक्य मी हलकं मानत नाही.

१९६४ मध्ये व्हेनिसला जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी स्मारकांच्या जतनासाठी एक सनद तयार केली. तिच्यातलं एक तत्त्व असं, की जिथून अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबली पाहिजे. आणि जे नवीन घातलं ते नवीन आहे हे ओळखू आलं पाहिजे. मंदिरा-किल्ल्यांसाठीचं हे तत्त्व घड्याळाला लावून बघा. जनताची पांढरी तबकडी कशी होती, यात अंदाज काहीच नाही. त्याच कारखान्याची, त्याच काळातली तबकडी मिळते. अंदाज कुठं आहे? डागात. तेव्हा डाग पुन्हा पाडायचा नाही. हो, नातवानं मला तेही विचारलं होतं, की चहाच्या पाण्यानं तसा डाग पाडता येईल का. (हशा) नाही. प्रेमानं केलेली असली तरी ती बनावट कागदपत्र करण्यासारखीच गोष्ट आहे.

म्हणून मी सुचवलं ते असं. ज्याचं मशीन गंजून पूर्ण गेलंय अशाच जनताची तबकडी घ्या. चालतं घड्याळ त्यासाठी फोडू नका. निळी तबकडी फेकू नका, तिच्या खाली तीच १९७३ ची चकती आहे. ती एका लहान डबीत ठेवा. आणि डबीत एक चिठ्ठी. घड्याळ कुणी, कुणाला, कधी दिलं. पाणी कधी शिरलं. डाग कुठं होता. निळा रंग कुणी, का दिला. पांढरी कुठून आणली. झाकणातल्या तीन खुणांखाली घड्याळजीला चौथी कोरायला सांगा. ज्या दिवशी काम झालं त्या दिवसाची.

इथं मला तलावाकडे यावंच लागतं, टाळत होतो तरी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी हा बांध घातला असं गॅझेटिअर सांगतं. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं, डोंगरावर ठाणं आहे. पण तेव्हापासून या पाळीवर किती माती पडली, किती वेळा दगड बदलले? मालगुजारी होती तोवर देखभालीचं काम गावाचं आणि मालगुजाराचं होतं. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे गेले, तेव्हा ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव मागं राहिलं, देखभाल अनेक ठिकाणी राहिली नाही. पाळ मूळची आहे की दुरुस्त केलेली, असं इथं कुणी विचारत नाही. पाणी धरते का, एवढंच विचारतात. आणि कुणी घातली ते नाव विसरत नाहीत. तीनशे वर्षं दुरुस्त होत आलेल्या वस्तूच्या काठावर बसून आपण घड्याळाच्या एका तबकडीवर अर्धा तास घालवला, हे मला योग्यच वाटतं.

घरच्यांचा निर्णय अजून झालेला नाही. धाकट्या काकांचं म्हणणं निळी छान दिसते, राहू द्या. त्यांचाही त्या घड्याळावर हक्क आहे. मी मत दिलं, घड्याळ त्यांचं आहे.

आता प्रश्न घेऊ. हां, ताई, विचारा.

ताईंचा प्रश्न असा, की घड्याळ दुकानात देताना काय सांगायचं, म्हणजे ते रंगवून येणार नाही? स्पष्ट सांगा: मशीन साफ करा, तेल द्या, काच बदला, तबकडीला आणि केसला हात लावू नका, आणि जो भाग काढाल तो पुडीत घालून परत द्या. पावतीवर लिहून घ्या. देण्याआधी तबकडीचा, मागच्या बाजूचा आणि जमलं तर उघड्या मशीनचा मोबाइलवर फोटो काढा. पुडी परत द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडे देऊ नका. आणि जुना घड्याळजी शोधा. बसस्टँडजवळ, काचेची लहान पेटी, डोळ्याला भिंग लावून बसलेला. असे आता थोडे उरलेत, आणि त्यांच्यामागं शिकणारी मुलं फारशी नाहीत. घड्याळ कपाटात दहा वर्षं थांबू शकतं, तो थांबू शकत नाही.

शेवटचा प्रश्न त्या मागच्या दादांचा. दुरुस्त केल्यावर रोज घालायचं का, की ठेवून द्यायचं?

घाला की. रोज सकाळी एकाच वेळेला चावी द्या, घट्ट लागली की थांबा, जोर करू नका. महिन्यातून चार दिवस तरी चाललं पाहिजे. फक्त रोवणीला जाताना काढून ठेवा.